कूलर बंद करून सांगितलेली गोष्ट

माझ्या थोरल्या भाचीच्या लग्नात नवरीचा मामा म्हणून माझ्याऐवजी बहिणीच्या शेजारचे एक गृहस्थ उभे राहिले, कारण मी झोपलो होतो.

आता यात लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. लग्न कामठीला होतं, मे महिन्यात, भर दुपारी. वऱ्हाड उतरलं होतं त्या हॉलमध्ये माणसाच्या उंचीचे दोन कूलर लावले होते. मी फक्त पाणी प्यायला आत गेलो. (हे मी आजही शपथेवर सांगतो.) समोर एक गादी रिकामी होती. पाच मिनिटं टेकावं म्हटलं आणि टेकलो. मंडपात गुरुजींनी माईकवरून तीन वेळा पुकारा केला, ‘नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावे.’ हा पुकारा रस्त्यापलीकडच्या पानठेल्यापर्यंत गेला म्हणतात. माझ्यापर्यंत तो आला नाही, कारण मध्ये कूलर होता. मी उठलो तेव्हा दुसरी पंगत बसली होती.

त्या दिवसापासून सुमनताई माझ्याशी बोलेनाशी झाली. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई शेतात जायची तेव्हा हिनंच मला कडेवर घेऊन वाढवलं. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. पण ती फक्त गप्प झाली. तीन वर्षं राखी आली नाही. लग्नाच्या अल्बममध्ये पानोपानी ते शेजारचे गृहस्थ आहेत, हसतमुख, फेटा बांधून. मी एका फोटोत आहे, जेवताना.

यंदा धाकट्या भाचीचं, पिंकीचं लग्न ठरलं. पत्रिका आली ती पोस्टानं. पाठोपाठ आमच्या हिच्याकडून, म्हणजे कुंदाकडून बातमी कळली की मामा म्हणून याही वेळी तेच गृहस्थ उभे राहणार आहेत. त्यांना म्हणे अनुभव आहे. मी हसून दाखवलं, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ताईची लग्नाची एकच मुलगी राहिली होती, आणि माझी एकच संधी.

याच सुमारास आमच्या लेकीनं, रेवानं, इथं नागपुरात धरमपेठेत एका कार्यशाळेला जायला सुरुवात केली. मोबाइलवर दोन-तीन मिनिटांची फिल्म करायची, आपल्या आवाजात आपली खरी गोष्ट सांगायची. त्यानं मन हलकं होतं, तुटलेली माणसं जोडली जातात, असं तिथं शिकवत. घरातल्या एका माणसाची गोष्ट करून आणा, असा अभ्यास मिळाला होता. रेवानं माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत भूगोल शिकवतो, बोलायला मला कोणी सांगावं लागत नाही. मी चार पानं लिहून काढली. सुरुवात विदर्भाच्या हवामानापासून केली होती.

रेवानं पानं वाचली आणि बाजूला ठेवली. यात तुम्ही कुठेच नाही, नुसतं ऊनच ऊन आहे, असं तिचं म्हणणं पडलं. तरी मी तीच वाचणार म्हणून हट्टानं खुर्चीत बसलो. रविवारची दुपार होती, मे महिना. मी दोन वाक्यं वाचली. रेवानं ऐकून पाहिलं तर माझा आवाज नव्हताच, नुसता कूलर होता.

कूलर बंद केला. मग पंखा ऐकू यायला लागला, तो बंद केला. मग बाहेरून भाजीवाल्याची हाक आली, म्हणून खिडक्या लावल्या. मग फ्रीजची घरघर सापडली, त्याची पिन काढली. इतकी शांतता झाल्यावर कुंदाच्या कुकरनं शिटी दिली. ज्यानं नागपुरातलं घर मे महिन्यात खिडक्या लावून, पंखा-कूलर बंद करून पाहिलं नाही, त्याला मी काय भोगलं ते समजायचं नाही. (आमच्याकडे इतका वेळ पोळ्याही तव्यावर ठेवत नाहीत.) सहाव्यांदा वाचताना कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. समोरचा कागद दिसेना. घसा सुकून आवाज फाटला. मी कागद खाली टाकला आणि कॅमेऱ्याकडे पाहून म्हणालो, “ताई, मी झोपलो होतो. ऊनबिन काही नाही. चूक माझी होती. तू मले कडेवर घेऊन फिरली, अन् माह्यानं तुह्या पोरीसाठी दहा मिनिटं उभं नाही राहवलं.” आणि गळ्यातल्या दुपट्ट्यानं डोळे पुसले.

हे मी मनापासून बोललो की कूलर लवकर लागावा म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही. रेवा मात्र म्हणाली, “बाबा, झालं. हेच पाहिजे होतं.”

तिनं त्यात ताईच्या कडेवरचा माझा जुना फोटो घातला आणि संथ बासरी लावली. दुपट्ट्यानं डोळे पुसायचा भाग तर तिनं सावकाश करून दोनदा दाखवला. कार्यशाळेत म्हणे सगळे रडले. मग तिनं ती फिल्म कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली.

संध्याकाळपर्यंत मी रडलो ही बातमी उमरेडपर्यंत पोचली होती. दूरच्या काकूंचा फोन आला, पुरुषानं रडावं, त्यात कमीपणा नाही म्हणून. सुट्टीतही निकालाच्या कामाला शाळेत जावं लागत होतं, तिथं मुख्याध्यापकांनी माझा खांदा थोपटला आणि दोन तास सुट्टी दिली. मी ती घेतली. बाहेर कुणी विचारलं तर मी खाली मान घालत होतो. खोटं एक अक्षर बोललो नाही. घरी मात्र कुंदा तीन दिवस माझ्याशी तुटक वागली. तिच्या ऑपरेशनच्या वेळी मी कोरड्या डोळ्यांनी पेपर वाचत बसलो होतो, हे तिला आठवलं होतं. तिला खरं सांगावं तर ते तासाभरात कामठीला पोचलं असतं. म्हणून बायकोचा रुसवा मी निमूट सोसला.

पुढच्या रविवारी दारात ऑटो थांबला आणि ताई उतरली. मागून भाऊजी, हातात संत्रा बर्फीचा डबा. ताई थेट माझ्यासमोर येऊन बसली. तीन वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते.

“मधू,” ती म्हणाली, “तू रडला न गा माह्यासाठी?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. पिंकीच्या मागं उभं राहणं त्या एका शब्दावर होतं. पण ताईसमोर मला लहानपणीही खोटं बोलता आलं नाही.

“ताई, तो घाम होता. कूलर बंद होता.”

भाऊजींनी बर्फीचा डबा मुकाट्यानं परत उचलला. ताई जागची हलली नाही.

“मले माहीत आहे,” ती म्हणाली. “तू रडला तं तुहं नाक वाहते. बारा वर्षं मीच पुसलं. त्या फिल्ममंधी नाक कोरडं ठक्क आहे.”

“मंग आली काहून?”

तिनं रेवाला विचारलं, “किती वेळ बसवला होता याले?”

“पाऊण तास, आत्या.”

“पाऊण तास,” ताई भाऊजींकडे वळून म्हणाली. “बिना कूलरचा. हा माणूस. ठेवा तो डबा खाली.”

त्या दुपारी ताई आमच्याकडे जेवली. जाताना सांगून गेली, की पिंकीचा मामा तूच, पण मंडपाबाहेर पाऊल टाकायचं नाही, पाणी लागलं तर आणून मिळेल.

लग्नात मी सकाळी आठपासून उभा होतो. ते शेजारचे गृहस्थ फेटा बांधूनच आले होते आणि शेवटपर्यंत माझ्या जवळपास राहिले. ताईनं सांगितलं असावं. मी पिंकीचा हात धरून तिला आणलं. मंगलाष्टका सुरू झाल्या आणि मला खरंच भरून आलं. डोळे गळू लागले, नाकही. फिल्म पाहिलेले सगळे पाहुणे माझ्याकडे बघत होते, पण मला आता कुणाचीच लाज वाटत नव्हती. तेवढ्यात मंडपाच्या त्या टोकावरून ताईनं मांडववाल्याला सांगितलं, “ओ दादा, तो कूलर इकडं फिरवा. माह्या भावाले घाम आला आहे.”

कूलर फिरला. गार वाऱ्याचा झोत थेट तोंडावर आला. तिसऱ्या मंगलाष्टकेपर्यंत माझे डोळे कोरडे झाले, आणि चौथीला मिटायला लागले.