हिराकाकींचं रडणं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, दर रविवारी याच विषयांवर चर्चेला जमणाऱ्या आमच्या गटाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — मलाही धड माहीत नाही. मी भरभर बोलते, सांभाळून घ्या. या विषयावर आले की अजूनही माझ्या अंगात वारं शिरतं. जिथे लाज वाटायला हवी तिथे मला आधी तो आनंदच आठवतो, आणि सुरुवात तिथूनच करावी लागणार.

मी सिल्व्हर पार्क वसाहतीत राहते. विम्याच्या ऑफिसात नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी माझं यूट्यूब चॅनल. विषय एकच — आपल्याला कोण काय विकतंय, आणि आपण का घेतोय? सेल नावाची गंमत, सणाच्या मांडवावरच्या जाहिराती, नेत्याच्या वाढदिवसाच्या बॅनरमागे झाकलेली शाळेची पाटी. पोटतिडकीने बोलायचे हो मी. ऐकायला कोण? माझी बहीण, गटातली माणसं, आणि एक काका — प्रत्येक भागाखाली न चुकता 'सुंदर' लिहिणारे.

मग शेजारच्या मुर्धा गावाजवळ मॉल येतोय असं कळलं. खाडीलगत, जुन्या मिठागरांच्या जागेवर. मी पेटलेच. आपल्याकडे काय मॉल कमी आहेत? भरतीचं पाणी जायचं कुठे? आणि गावाला कुणी विचारलं? हे माझं मत आजही तेच आहे, सांगून ठेवते. कॅमेरा पर्समध्ये टाकला आणि थेट गाव गाठलं.

कॅमेऱ्यासमोर यायला कुणी तयार होईना. शेवटी हिराकाकी भेटल्या. सत्तरीच्या, एके काळी घरचं मिठागर आणि भातशेती असलेल्या. त्यांनी मला ओटीवर बसवलं, सरबत दिलं, पदर नीट केला. मी विचारलं, मॉल होतोय, तुम्हाला काय वाटतं?

"होऊं दे की. आमच्या दीपालीला काम देनार हायत."

दीपाली म्हणजे त्यांची सून. बारावी झालेली, कॉम्प्युटरचा क्लास केलेली. मॉलवाल्यांचा माणूस घरी येऊन शब्द देऊन गेला होता. त्या घरातली बाई पहिल्यांदाच पगारावर जाणार होती, आणि काकी इतक्या खुशीत होत्या म्हणून सांगू. सून एसीत बसेल, माझ्यासारखी उन्हात करपणार न्हाय — हे त्या पुन्हा पुन्हा बोलत होत्या.

आणि मी? चिडले. त्यांच्यावर, मनातल्या मनात. मला हवं ते ही बाई बोलतच नाही — काय करायचं हिचं? मग उगाच इकडचं तिकडचं विचारत बसले. मिठागरात काम कसं चालायचं, कोण कोण असायचं. बोलता बोलता त्यांच्या नवऱ्याचा विषय निघाला. ते मिठागरातच गेले होते, भर उन्हात काम करता करता कोसळून. काकी थांबल्या आणि रडायला लागल्या, अगदी लहान मुलासारख्या. मी त्यांचा हात धरला — एका हाताने. दुसऱ्या हाताने मी कॅमेरा सरळ धरला होता.

आलं लक्षात? घरी येऊन मी व्हिडिओ जोडायला बसले. आधी माझा प्रश्न — मॉल होतोय, तुम्हाला काय वाटतं? आणि लगेच काकींचं रडणं. मधलं सगळं गेलं. दीपाली गेली, खुशी गेली, नवरा गेला. न्यूज चॅनलवाले माणसाचं बोलणं कसं कापतात यावर मी एक अख्खा भाग केला होता, तरी हे करताना माझा हात जराही अडखळला नाही.

आणि काय चालला तो व्हिडिओ. फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. काशीमीऱ्याला रिक्षात बसले तर रिक्षावाला आरशातून बघत म्हणतो, "मॅडम, वो रोनेवाली आंटी का वीडियो आपने ही बनाया ना?" एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन पक्षांनी तो आपापल्या पानावर लावला. ज्यांना मी शिव्या घालायचे त्याच एका चॅनलने तो टीव्हीवर दाखवला आणि मला चर्चेला बोलावलं — आणि मी नवी साडी घेऊन गेले. हो, सेलमध्येच घेतली. हसा. पण तुम्हाला कल्पना नाही, लोक आपलं ऐकतायत म्हटल्यावर कसं वाटतं ते. मी जेवायला विसरत होते, जिने धावत चढत होते.

इथेच थांबले असते तर? पण अजून सगळं सांगून झालेलं नाही.

मॉलवाल्यांनी दीपालीला नाही म्हणून कळवलं. सासू टीव्हीवर आमच्या नावाने रडतेय आणि सुनेला नोकरी कशाला, असं म्हणाले. मला हे गावातल्या एकाने फोन करून सांगितलं. मला धक्का बसायला हवा होता, नाही का? मला काय वाटलं माहितेय — दुसरा भाग मिळाला. आवाज उठवला म्हणून सुनेच्या पोटावर पाय. त्याच संध्याकाळी टाकला, दीपालीचं नाव घेऊन. तो पहिल्यापेक्षा जास्त चालला. मॉल काही थांबला नाही. जागेभोवती पत्रे लागले, क्रेन आली. दीपालीचं काम मात्र कायमचं गेलं, कारण आता ती भांडखोर घरातली सून म्हणून सगळीकडे माहीत झाली होती.

मग हिराकाकींचा फोन आला. त्या शिव्या देतील म्हणून मी तयारीत होते. पण त्यांना वाटत होतं टीव्हीवाल्यांनी घोळ केलाय. मी असं करेन हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"बाय, तुझ्याकडं आख्खं हाय ना? तेवढं मॉलवाल्यांना दाखव. मी नको बोललीच न्हवती. पोरीचं काम परत मिलंल."

अख्खं माझ्याकडे होतं. त्या बोलत होत्या तेव्हा लॅपटॉप माझ्या पुढ्यातच उघडा होता. एवढं पाठवलं असतं तर दीपालीचं काही जमलंही असतं — आणि मी? माझा गट, माझं चॅनल, ते 'सुंदर' लिहिणारे काका? मी म्हणाले, काकी, ते माझ्याकडून चुकून पुसलं गेलं.

त्या मलाच समजावायला लागल्या — जाऊं दे बाय, तू जीवाला लावून घेऊं नको, तू आमच्यासाठी एवढं केलंस.

फोन ठेवला आणि मग मी ते पुसलं.