फोटोचे कोपरे

कोलकात्यातल्या आमच्या बेहालाच्या शाळेतले भूगोलाचे सर फोटो बघतात ते कोपऱ्यांपासून. वर्गाच्या सोशल मीडिया पेजवर जायचं ते आधी त्यांच्या नजरेखालून जातं. चष्मा कपाळावर चढवून, मोबाईल नाकाशी धरून ते पुटपुटतात, "दीदी, कोना देखिये, कोना!" एका कोपऱ्यात शाळेचा बिल्ला सापडतो, दुसऱ्यात स्कूलबसचा नंबर. ते सगळं ते कापून टाकतात, मुलांचे चेहरेसुद्धा. मला या सोवळेपणाचा वैताग यायचा. "चेहराच कापलात तर पोरीचं कौतुक कसलं?" मी एकदा फटकारलंही होतं.

परवा एका नव्या मुलीने मातीची गंगा नदी बनवली. मी तिचा हसरा फोटो पेजवर टाकायला सरांना पाठवला. शाळा सुटताना तिची आई धापा टाकत आली. "फोटो टाकलात? मॅडम, आम्ही हिच्या बापापासून लपून राहतोय. त्याला शाळा कळली तर..."

मी लगेच मोबाईल काढला. पेज उघडलं. तिथे फक्त मातीची गंगा होती आणि तिच्यावर दोन चिखलाने माखलेले हात.

आईने फोटो मोठा करून पाहिला. "अजून नखं कुरतडते," असं म्हणून ती कौतुकाने हसली.