शाळेत आलेली धनुकली

नेवाशाकडच्या आमच्या गावात कापूस पिंजणारं घर एकच, आमचं. बा खांद्यावर पिंजायची धनुकली टाकून गल्लीतून निघाला की तिची ताणलेली तात छेडत जायचा. पिंजारी आल्याची तीच दवंडी. शाळेतल्या पोरी मला पाहिलं की तोंडानं तसाच टंय टंय आवाज काढायच्या. तात बकऱ्याच्या आतड्याची असते, हेही कुण्या शहाणीनं शोधून काढलं. त्यावर माझ्या शेजारी बसायलाच कुणी तयार होईना.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत नवे गुरुजी आले. आधीचे मास्तर विलायतेतल्या नद्या पाठ करून घेत, चुकलं की छडी. हे म्हणत, शिकायचं ते आपल्या घरापासून. टकळीवर सूत काढायला शिकवताना त्यांना वाटलं, कापूस पिंजतात कसा तेही पोरांनी पाहावं. ते सरळ घरी येऊन बाला बोलावणं करून गेले. बा हरखला, धनुकली पुसून बसला. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आलास तरी मला वळख दावू नगं," मी बाला म्हणाले.

तो नुसतं "बरं" म्हणाला. त्या "बरं"ची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी बा वर्गात बसला. बघता बघता कापूस उडाला, साऱ्यांची डोकी पांढरी झाली, गुरुजींचीसुद्धा. पोरं खूश. ज्याला त्याला धनुकली हातात हवी होती. पाटलाच्या पोरानं घेतली तर तात कापसातच अडकून बसली. आमचं नातं साऱ्यांनाच ठाऊक होतं, गुरुजींनाही, पण त्यांनी ते काढलं नाही. त्यांनी फक्त मला पुढे बोलावलं.

घरी रोजचंच काम. मुद्दाम चुकावं म्हटलं तरी मेला हात कुठला ऐकतोय, कापूस लगेच फुलून वर आला. पोरं पुढे सरकून बघू लागली. बा दिलेल्या शब्दाला जागून, परक्या पोरीशी बोलावं तसं म्हणाला, "चांगला हात हाय की. कुनाची गं तू?"

माझे कान तापले. "तुझीच," मी पुटपुटले.

पण जन्मभर कानाशी तात वाजवून बाला कमी ऐकू यायचं. त्यानं कान पुढे करून पुन्हा विचारलं. मग मला साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं सांगावं लागलं.