पेटीसोबतचं तिकीट

शिकागोत वारलेल्या आमच्या माणसाला मिसिसिपीत, आपल्याच गावी आणून पुरायचं, असा आमच्याकडचा रिवाज. आणि रेल्वेचा नियम असा की पेटीसोबत तिकीट काढलेलं एक जिवंत माणूस हवंच. ते माणूस म्हणजे माझी ओझेलामावशी. लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून पोट भरणारी, जिभेने तिखट. अठरा वेळा ती शिकागोला गेली आणि अठरा जणांना घेऊन आली. शहर कसं आहे म्हणून विचारलं की म्हणायची, "स्टेशन बघितलं, मयत ठेवायची खोली बघितली. बाकीचं असेल बरं."

एक्कावन्न सालच्या मार्चमध्ये तिची धाकटी बहीण व्हर्लीन तिकडे वारली. आजी एवढंच म्हणाली, "माझी पोर मला आणून दे." त्या खेपेला मीही सोबत गेले. इंजिनामागच्या आम्हा काळ्यांच्या डब्यात मावशीने बुटांच्या खोक्यातून आणलेलं तळलेलं कोंबडं मला दिलं, स्वतः त्याला शिवलीही नाही.

शिकागोत व्हर्लीनच्या चर्चमधल्या ल्युसिंडाबाई वाट अडवून उभ्या राहिल्या. "तिला नेऊ नका, ताई. मला शपथ घातलीय तिने."

"कसली शपथ? मी थोरली आहे तिची!"

"म्हणायची, गोरा समोरून आला की जिथे रस्ता सोडून चिखलात उतरावं लागतं, त्या गावात मला मेल्यावरही नेऊ नका."

 मावशी खुर्चीत बसून हमसून हमसून रडली. आधीच्या अठरा जणांच्या मनात काय होतं, हे तिने कधी कुणाला विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी व्हर्लीनला तिथेच माती दिली.

 परतताना मला आजीची धास्ती वाटत होती. गावच्या फलाटावर ती काळ्या कपड्यांत उभी होती, मागे कबर खणून आलेले चर्चचे चौघे. सामानाच्या डब्यातून पेटी काही उतरली नाही.

"कुठाय माझी पोर?"

"तिथेच ठेवली, आई. तिचीच तशी इच्छा होती. हव्या तेवढ्या शिव्या घाल मला."



"एकटीच होती का गं शेवटी?"

"नाही गं. चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती."

आजीने मान हलवली आणि त्या चौघांकडे वळली.

"खड्डा बुजवू नका रे. मला लागेल."