चिठ्ठीवरची लाल पेन्सिल

त्यांना सगळे काका म्हणत. छापखान्यात मात्र त्यांच्या माघारी त्यांचं नाव होतं 'कानामात्रा'. चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. दुसऱ्यांनी लिहिलेलं छापायला जाण्याआधी वाचायचं आणि लाल पेन्सिलीनं त्यातल्या चुका काढायच्या. शाळेची पुस्तकं, औषधांच्या खोक्यातली पत्रकं, संस्थांचे अहवाल, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. एकदा एका अहवालाच्या मुखपृष्ठावरची चूक त्यांनी चालू यंत्र थांबवून पकडली होती. ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावी लागे. दोनदा आलेल्याला दोनदा.

काकू इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होत्या. चारशे माणसांचं जेवण, त्यात बिनमिठाचं वेगळं, पातळ वेगळं, दात नसलेल्यांचं वेगळं. घरी आल्या की पाय उशीवर ठेवून आडव्या व्हायच्या. त्यांच्या हातात पुस्तक कुणी पाहिलं नव्हतं. काका पाहुण्यांना म्हणत, "आमच्याकडे वाचनाचं खातं माझं आणि खाण्याचं हिचं." पाहुणे हसत. काकूही हसत.

काकू निवृत्त झाल्या आणि दोन महिने त्यांनी घरातलं प्रत्येक कपाट तीन तीन वेळा आवरलं. मग एका गुरुवारी काका वाचनालयात निघाले असताना त्या चपला घालून दारात उभ्या राहिल्या. "मी पण येते. घरात बसून अंगाला गंज चढलाय."

काकांना बरं वाटलं. आता काय वाचावं, कसं वाचावं हे सांगायला घरातच एक माणूस मिळालं, असं त्यांच्या मनात आलं.

त्याच सुमारास वाचनालयात एक नवीन गोष्ट सुरू झाली होती. तिथल्या ग्रंथपाल बाई तरुण होत्या, उत्साही होत्या. चार कपाटांना कुणी हात लावत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं: कविता, नाटक, स्वयंपाक आणि नेतृत्व. त्यांनी दाराजवळ एक मोठा फळा लावला, त्यावर ही चार नावं लिहिली आणि खाली कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या. आपल्याला आवडलेल्या पुस्तकाबद्दल वाचकांनी चार ओळी लिहून फळ्यावर टाचायच्या. चिठ्ठी वाचून कुणी ते पुस्तक नेलं की बाई चिठ्ठीच्या कोपऱ्यात हिरव्या शाईनं बरोबरची खूण करायच्या.

पहिली चिठ्ठी अर्थातच काकांची होती. कविता हे त्यांचं जिवाभावाचं कपाट. एका संग्रहाबद्दल त्यांनी घरी दोन कच्चे खर्डे करून, चिठ्ठीच्या दोन्ही बाजू भरून लिहिलं. प्रतिमासृष्टी होती, लयतत्त्व होतं, कवीच्या तिन्ही कालखंडांचा आढावा होता. एकही चूक नव्हती. एकही हिरवी खूणही नव्हती. महिना गेला, दोन महिने गेले. काका म्हणाले, "आपल्याकडे वाचकच उरला नाही."

काकूंनी पहिलं पुस्तक नेलं ते स्वयंपाकाचं. वाचताना त्या पुस्तकाशी भांडायच्या. "हा म्हणतो कांदा पाच मिनिटांत तांबूस होतो. कुठल्या जगात राहतो हा?" आठवड्यानं पुस्तक परत करताना त्यांनी काउंटरवरच उभ्या उभ्या चिठ्ठी लिहिली आणि टाचली. काकांना दाखवलीसुद्धा नाही. तीत लिहिलं होतं, "यातलं सगळं चार माणसांसाठी आहे आणि कांद्याच्या बाबतीत लेखक खोटं बोलतो. पण शेवटी एक प्रकरण आहे, अचानक चाळीस माणसं आली तर काय करायचं. ते वाचा. ते लिहिणाऱ्यानं खरंच चाळीस जणांना वाढलेलं आहे."

अर्थात 'आणि' मधला णि दीर्घ होता. 'लिहिणाऱ्या'चा पहिला लि पण. काकांच्या बोटांना खाज सुटली, पण ते हसले. "छान आहे हो," ते म्हणाले. "घरगुती आहे."

दीड महिन्यानं त्या घरगुती चिठ्ठीवर सहा हिरव्या खुणा होत्या.

काकांनी त्या दोनदा मोजल्या. मग स्वतःला समजावलं, स्वयंपाकाचं पुस्तक आहे, लोक नेणारच. पोट कुणाला चुकलंय?

पण काकू तिथे थांबल्या नाहीत. त्यांनी नेतृत्वावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं, कुठल्याशा जहाजाच्या कप्तानानं लिहिलेलं. चिठ्ठी अशी: "पहिली तीन प्रकरणं सोडून द्या, तिथं कप्तान स्वतःचीच पाठ थोपटतो. चौथ्यात जहाज वाळूत रुततं. तिथून तो खरं बोलायला लागतो. आमच्या स्वयंपाकघराच्या साहेबांनी हे वाचलं असतं तर माझे गुडघे आज बरे असते." नऊ खुणा. मग नाटकाच्या कपाटातून त्यांनी पडदा ओढणाऱ्या एका माणसाच्या आठवणी काढल्या. "या माणसानं तीस वर्षं नाटकं फक्त बाजूनं पाहिली. त्यामुळे कोण खरं रडतं ते त्याला माहीत आहे." अकरा खुणा, आणि ग्रंथपाल बाईंना दुसरी प्रत मागवावी लागली.

काका रोज जेवत होते, बोलत होते, पण आतून त्यांना काहीतरी कुरतडत होतं. काकू वाचत बसल्या की त्यांना उगीच पाणी लागायचं, चष्मा सापडायचा नाही, खिडकीतून वारा यायचा. लेक भेटायला आली आणि म्हणाली, "आईच्या चिठ्ठ्यांबद्दल आमच्या ऑफिसात बोलत होते, बाबा!" काका म्हणाले, "त्यात किती चुका असतात ते नाही बोलले का?"  काकू आत चहा गाळत होत्या, त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.

मग काकूंनी कवितांना हात घातला.

आणि तोही त्याच संग्रहाला, ज्यावर काकांनी दोन्ही बाजू भरून लिहिलं होतं. एवढं मोठं कपाट, पण नेमका तोच. काकांना वाटलं, ही मला विचारेल. कवीचा दुसरा कालखंड अवघड आहे, अडेल कुठेतरी. काकू अडल्या नाहीत. दुपारची भांडी निथळत ठेवली की ओट्याशीच उभं राहून एक कविता वाचायच्या आणि पुस्तक मिटायच्या. चिठ्ठीत त्यांनी तेवढंच लिहिलं. "मला कविता कळत नाही असं मी आयुष्यभर सांगत आले. भांडी धुऊन झाली की रोज एक, असं हे वाचलं. बावीस दिवस लागले. सतराव्या दिवशी रडू आलं. कशाचं ते कळलं नाही. तुम्हाला कळलं तर खाली लिहा."

दोन महिन्यांनी, संग्रहाच्या नव्या प्रती येऊन फिरू लागल्यावर, एका गुरुवारी काका एकटेच वाचनालयात गेले, काकूंचे गुडघे धरले होते. फळ्यासमोर ते उभे राहिले. चिठ्ठीला चिठ्ठ्या जोडलेल्या होत्या, खाली गुडघ्यापर्यंत. "मला बाराव्या दिवशी आलं." "मला नाही आलं, पण वडिलांना फोन केला." "सतरावी कविता बसमध्ये वाचू नये, उतरायचं राहून जातं." शेजारीच काकांची चिठ्ठी होती. कडा पिवळ्या पडलेल्या, कोपरा कोरा.

काउंटरवर कुणी नव्हतं. काकांच्या खिशात लाल पेन्सिल होती, ती नेहमीच असायची. त्यांनी 'कवीता' मधला वी ऱ्हस्व केला. 'बाविस' चा वि दीर्घ केला. 'रडु' ला शेपूट लावलं. 'लीहा' वर फराटा मारला. इथपर्यंत हात सवयीनं चालला असं म्हणता आलं असतं. पण मग त्यांनी समासात बारीक, सुबक अक्षरात लिहिलं: "अशुद्ध. भावनाविवश. कवितेविषयी काहीही माहिती नाही."

आणि ते घरी गेले. वाटेत त्यांना फार हलकं वाटत होतं. घराचा जिना चढताना तेवढं वाटेना.

पुढच्या गुरुवारी काकू सोबत आल्या. फळ्यासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. काका नियतकालिकांच्या टेबलाशी एकच पान उलटसुलट करत होते. काकू आल्या, म्हणाल्या, "चला." पुस्तक घेतलं नाही.

त्यानंतर त्या वाचनालयात आल्याच नाहीत. विचारलं की म्हणायच्या, "डोळे दुखतात." घरातली कपाटं पुन्हा आवरली जाऊ लागली. काकांना पहिला आठवडा शांत वाटला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी नाटकाविषयी एक नवी चिठ्ठी लिहिली, मुद्दाम लहान, मुद्दाम सोपी. कोपरा कोराच राहिला. लाल शेऱ्याखाली मात्र कुणीतरी ठळक लिहिलं होतं, "लाल पेन्सिलवाले, तुम्हाला कुणी विचारलं होतं?" त्याखाली आणखी चौघांनी सही केली होती.

एके दिवशी फळ्यापाशी एक बसचालक भेटला, ड्यूटीच्या कपड्यातच. हातात तोच कवितासंग्रह. त्यानं काकांना विचारलं, "काका, तुम्ही नेहमी येता ना इथं? ही चिठ्ठी लिहिणाऱ्या बाई कोण, माहीत आहे? मी आयुष्यात पहिल्यांदा कविता वाचल्या हो. आता पुढं काय वाचू, तेवढं विचारायचं होतं."

काका म्हणाले, "नाही बुवा. माहीत नाही."

बसचालकानं मान हलवली आणि पुस्तक परत करून गेला. दुसरं घेतलं नाही. काका तिथेच खुर्चीवर बसले. हेवा त्यांना नवीन नव्हता. छापखान्यात कुणाला बढती मिळाली की दोन दिवस जेवण जायचं नाही. पण बायकोला ओळख न दाखवण्याइतकी आपली मजल जाईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

घरी काकू मटार सोलत होत्या. काका समोर बसले आणि त्यांनीही दोन शेंगा उचलल्या.

"ती लाल पेन्सिल माझी होती."

"मग काय शेजाऱ्यांची?" काकूंनी वर पाहिलं नाही. "तुमचा तो शेपटीवाला फराटा मी इतकी वर्षं बघतेय. वाण्याच्या यादीवर पण मारता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. सहा आठवडे थांबले." एक शेंग कटकन मोडली. "आणि बोलून काय करू? चुका तर होत्याच. मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटली. चारचौघांत बायकोचं अशुद्ध लेखन टांगलेलं."

काकांना हे सुचलंच नव्हतं. ते घाईघाईनं म्हणाले, "लाज नाही गं. छे, लाज कसली."

"मग?"

काका मटाराचे दाणे बोटानं ओळीत लावत राहिले. "हेवा," ते शेवटी म्हणाले.

"काय?"

"हेवा वाटला. तुझा. मी चाळीस वर्षं वाचतोय. तू येतेस, ओट्याशी उभी राहतेस, आणि लोक रडतात."

काकूंनी टोपली बाजूला ठेवली. पदराला हात पुसले. "पुन्हा सांगा."

"अगं, सांगितलं ना."

"नीट ऐकू आलं नाही."

"मला तुझा हेवा वाटला."

काकू हसल्या नाहीत, पण त्यांच्या गालात काहीतरी हललं. मग एकदम गंभीर होऊन त्या म्हणाल्या, "वेलांट्यांचं मला काही वाटलं नाही. पण 'काहीही माहिती नाही' असं लिहिलंत. सतराव्या कवितेत काय आहे, सांगा बघू."

काकांनी तोंड उघडलं. दुसरा कालखंड, लय, प्रतिमा, सगळं जिभेवर आलं. सतरावी कविता कुठली, ते मात्र आठवेना.

दुसऱ्या दिवशी, गुरुवार नसताना, काका वाचनालयात गेले. ग्रंथपाल बाईंना त्यांनी सरळ सांगितलं. बाई म्हणाल्या, "अक्षर ओळखीचं होतं, काका. वाट बघत होते." त्यांनी एक चिठ्ठी पुढे सरकवली. काकांनी लिहिलं, "कवितेच्या चिठ्ठीवरची लाल पेन्सिल माझी. ऱ्हस्वदीर्घ बरोबर आहेत. शेरा चूक आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्या बाई माझ्या पत्नी आहेत." खाली पूर्ण सही केली. मग संग्रह घेऊन ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि सतरावी कविता वाचली. ती एका बाईबद्दल होती, जी सगळे जेवून उठल्यावर रिकाम्या टेबलाशी एकटी बसते. काकांनी ती पूर्वी वाचली होती. जुन्या खर्ड्याच्या समासात केलेली आपलीच टीप त्यांना आठवली: छंद किंचित सैल.

काकू परत यायला लागल्या. बसचालकाला त्यांनी तीन पुस्तकं सांगितली आणि चौथ्याबद्दल ताकीद दिली. चिठ्ठी टाचण्याआधी त्या काकांना दाखवत. "वेलांट्या सुधारा. शब्दाला हात लावायचा नाही." काका हात लावत नसत. पेन्सिल मात्र कधी कधी शब्दावर थांबायची आणि काकू घसा खाकरायच्या.

मग एका शनिवारी दुपारी ग्रंथपाल बाईंनी काकूंना पुस्तकांबद्दल बोलायला बोलावलं. तीसएक माणसं आली. काका तिसऱ्या रांगेत बसले. काकू कप्तानाबद्दल बोलल्या, पडदेवाल्याबद्दल बोलल्या, लोक हसले, मध्ये एकदा सगळे गप्प झाले. काकांचे कान तापले. अभिमान आणि जळफळाट एकाच खुर्चीत दाटीवाटीनं बसले होते.

दोघं थांब्यावरून चालत घरी आले. फाटकाशी काका म्हणाले, "छान बोललीस."

"खरंच?"

"खरंच. फक्त नाटकाच्या पुस्तकाच्या लेखकाचं आडनाव चुकलीस."

"हो, लक्षात आलं मागाहून," काकू कडी काढत म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी सांगेन दुरुस्त करून."

"पुढच्या शनिवारी?" काका फाटकातच थांबले. "पुढच्या शनिवारी पण आहे?"

"दर शनिवारी," काकू म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.