बक्षिसाची बाटली

शिलाई कारखान्याच्या तिसऱ्या ओळीत बत्तीस बायका शर्ट शिवायच्या, आणि त्या बत्तीस जणींना बाथरूमला जायला लाकडाची पट्टी होती एक. ही अक्कल वरच्या मजल्यावरच्या मॅनेजरची. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या पाणीही पितात हे कुठून दिसणार? पट्टी सुपरवायझरच्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेली असायची. ती घ्यायची, वहीत नाव आणि वेळ लिहायची आणि पाच मिनिटांत परत यायचं. शिफ्टमध्ये दोनदा मुभा होती; तिसऱ्यांदा गेलात तर शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं. बाथरूमला जाण्याचं कारण काय लिहितात, हे मात्र त्या महापुरुषाने कुणाला सांगितलं नव्हतं. सुपरवायझर हातातल्या घड्याळाकडे बघत उभा राहायचा. त्याचं आडनावच असल्यासारखं बायका त्याला 'पाचमिनिटे' म्हणायच्या.

काजवाल्या काकू या ओळीत एकोणीस वर्षं शर्टांना काजं पाडत होत्या. पट्टीवर त्यांनी आपला उपाय काढला होता: पाणीच प्यायचं नाही. लेक रोज सकाळी त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवायची. काकू ती संध्याकाळी भरलेलीच परत आणायच्या आणि लेकीला कळू नये म्हणून दारातल्या कुंडीत ओतायच्या. कुंडीतला गुलाब असा फोफावला की शेजारणी फांदी मागायला येत. आईच्या हाताला गुण आहे, असं लेक कौतुकाने सांगायची.

मग एक दिवस मशीनवरच काकूंच्या कमरेत अशी कळ आली की हातातला शर्ट खाली पडला. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, एक किडनी आधीच कुरकुरते आहे. रोज तीन लिटर पाणी प्या, नाहीतर ती जाईल. काकू घाबरल्या. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी पाचमिनिटेला दिली, त्याने वर पाठवली, आणि वरून सहीशिक्क्यासह उत्तर आलं. आजारपणाची रजा हवी तर तीन दिवस घ्या. पट्टीत सवलत नाही, एकीला दिली तर सगळ्या मागतील. थोडक्यात, किडनी घरी नेऊन तीन दिवसांत दुरुस्त करून आणायची आणि पुन्हा इथे वाळत घालायची.

काकू कारखान्यात पूर्वीसारख्याच कोरड्या राहिल्या. दोन महिन्यांनी त्याच सहीचा दुसरा कागद आला. वहीत वर्षभर एकदाही नाव नसलेली एकच कामगार सापडली होती, आणि तिला शिस्तीचं बक्षीस जाहीर झालं होतं. कँटीनमध्ये टेबलं सरकवून समारंभ झाला. मॅनेजरने काकूंच्या हातात कंपनीचं नाव कोरलेली, चकचकीत स्टीलची, पाण्याची बाटली ठेवली. कामावर ही रोज वापरा, असं तो फोटोवाल्याकडे बघत म्हणाला. टाळ्या सगळ्यात जोरात पाचमिनिटेने वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी काकूंनी ती बाटली काठोकाठ भरून मशीनशेजारी ठेवली. दहाच्या आत ती संपवली आणि पट्टी घेतली. बारा वाजता पुन्हा घेतली. दोन वाजता तिसऱ्यांदा हात पुढे केला, तेव्हा पाचमिनिटेने वही सरकवून शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. काकूंनी सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'कंपनीने दिलेल्या बाटलीतलं पाणी प्यायले. साहेबांनी रोज वापरायला सांगितलं आहे.'

"काकू, हे असं वर पाठवू मी?"

"पाठवा की. त्यांचाच फोटो लावलाय फलकावर, बाटली देताना. शंका आली तर बघून घेतील."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्या बिचाऱ्याची गत झाली. त्याने वही वर पाठवली नाही. आठवड्याभरात ती बाटली ओळभर फिरू लागली आणि रकान्यात बत्तीस हस्ताक्षरांत तेच वाक्य दिसू लागलं. शेवटी पाचमिनिटेने वही उघडायचीच सोडली. नियम अजून काचेच्या चौकटीत भिंतीवर आहे. पाहुणे आले की मॅनेजर तो मोठ्याने वाचून दाखवतो.

घरी मात्र गुलाबाची पानं पिवळी पडायला लागली.

"आई, झाडाला काय झालं गं?" लेकीने विचारलं.

काकू रिकामी बाटली विसळत होत्या. "इतकी वर्षं माझ्या वाट्याचं पीत होतं," त्या म्हणाल्या. "आता त्याचं त्याला वेगळं घालत जा."

लेकीने आईच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. तांब्या भरून ती बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही.