बाळसं धरलेलं वादळ

लॉन्ड्रीवाल्या ताईंना वादळं आवडायची. असं त्या तोंडाने कधी कबूल करत नसत, पण दूर समुद्रात ढग गोळा व्हायला लागले की त्यांच्या आवाजात एक लाडिक सूर यायचा. एरवी तो सूर फक्त त्यांच्या भाचीच्या वाट्याला यायचा.

सुरुवात झाली चादरींपासून. हॉटेलांच्या चादरी गच्चीवर वाळत घालायच्या म्हणजे आभाळावर नजर ठेवणं आलंच. आधी रेडिओ, मग फोनवरची उपग्रहाची चित्रं, मग त्या चित्रांचा नाद, आणि नाद लागलेल्या माणसाला दुसरी नादिष्ट माणसं सापडतातच, तसा फोनवरचा तो वादळवेड्यांचा ग्रुप. ग्रुपात कोणी कोणाला भेटलेलं नव्हतं. बोलून पाठवलेल्या निरोपांमुळे आवाज मात्र सगळ्यांचे पाठ. एक निवृत्त कॅप्टन होते, बोटीवरचे. त्यांचं प्रत्येक वाक्य इंजिनरूममधून जिना चढून वर आल्यासारखं यायचं : "येऽऽऊ द्या... हळूऽऽ येऊ द्या त्याला." आणि एक विज्ञानाचे मास्तर, जे बोलतानाही उत्तरपत्रिका लिहायचे. "वरील चित्रावरून असे निदर्शनास येते की, ढगांचे प्रमाण वाढलेले आहे."

"अहो मास्तर, हे आमच्या मांजराच्यासुद्धा निदर्शनास आलंय," ताई म्हणायच्या.

"मांजराने कोणते चित्र पाहिले?" मास्तर विचारायचे, अगदी मनापासून.

ग्रुपात वादळाला बाळ म्हणत. बाळ जन्मलं, रांगायला लागलं, दात आले, बाळसं धरलं. किती वाढणार यावर पैजा लागायच्या. नियम एकच आणि कडक : बाळ किती वाढेल ते बोलायचं, कुठे जाईल ते बोलायचं नाही.

हा नियम ताईंमुळेच झाला होता. मागच्या वर्षी त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं की आलेलं वादळ दांड्यावर धडकणार. दांडा म्हणजे खाडीपलीकडे समुद्रात घुसलेली वाळूची चिंचोळी पट्टी. तिथल्या बर्फाच्या कारखान्यात ताईंचा धाकटा भाऊ कामाला होता आणि कारखान्यामागेच बायको आणि छोट्या मुलीसह राहत होता. जायला-यायला लाँच, दुसरा रस्ता नाही. ताईंच्या शब्दावर अर्धा दांडा गाठोडी डोक्यावर घेऊन इकडे आला, आणि बाळ मध्येच वळून भलतीकडे विरघळलं. दांड्यावर साधी दोरीवरची चड्डीसुद्धा हलली नाही. मग जी काही टर उडाली ती उडालीच. कारखान्यात अजून धाकट्याला विचारतात, "काय रे, आज ताईंनी छत्री सांगितलीय का?"

यंदाचं बाळ काल संध्याकाळपर्यंत विस्कटलेल्या कापसासारखं होतं. सकाळच्या सरकारी बातमीपत्रातही तेच : मध्यम स्वरूपाचं वादळ, किनाऱ्याला समांतर निघून जाईल, कोळ्यांनी खोल समुद्रात जाऊ नये. ताईंनी फोन खळीच्या डब्याला टेकवला आणि इस्त्रीच्या गरम रोलरमध्ये चादर सोडली. पलीकडून इस्त्रीवाली कडा धरून उभी.

"ताई, चादर तिरकी जातेय."

"जाऊ दे गं. हे बघ."

नवीन चित्र आलं होतं. कापूस घट्ट झाला होता, आणि मधोमध एक काळं छिद्र, सुईने टोचल्यासारखं. फोनमधून कॅप्टन बोलत होते, "आऽऽहा. डोळा उघडला हो. काऽऽय देखणं आहे."

"अल्पावधीत लक्षणीय वाढ," मास्तर म्हणाले. त्यांचाही आवाज चढला होता.

"वाढ, माझ्या राजा," ताई फोनला म्हणाल्या.

पुढच्या चित्रात छिद्र रुंदावलं होतं आणि भोवतीचं कडं चकतीसारखं गोल झालं होतं. त्याच्या पुढच्यात आणखी. इतक्या भराभर वाढताना ताईंनी कुठलंच बाळ पाहिलं नव्हतं. त्यांनी मागची सगळी चित्रं एकापाठोपाठ एक फिरवली, परत फिरवली. मग काचेवर बोट ठेवून डोळ्याची वाट गिरवली. सकाळपर्यंत ती वाट किनाऱ्याला समांतर होती. आता ती वाकली होती. ताईंचं बोट जिथे जाऊन थांबलं तिथे त्यांनी ते तसंच ठेवलं. बोटाखाली दांडा होता.

"मास्तर, हे वळतंय का?" त्यांनी ग्रुपात विचारलं.

"नियमानुसार दिशेविषयी भाष्य करणे उचित होणार नाही."

"नियम माझ्यामुळेच झालाय, मला माहितीये. तरी विचारते."

मास्तर काहीतरी लिहीत असल्याचं फोनवर दिसत होतं. मग थांबले. पुन्हा लिहायला लागले.

आणि फोन वाजला. कॅप्टन. इतक्या वर्षांत त्यांनी कधी थेट फोन केला नव्हता. आवाज ओळखूच येईना, कारण आज शब्द जिना चढून येत नव्हते, दारातच उभे होते.

"तुमचा भाऊ कुठे राहतो म्हणालात?"

"दांड्यावर."

"जमीन किती उंच आहे तिथली?"

"मोठ्या भरतीला धक्क्याची वरची पायरी बुडते."

कॅप्टन म्हणाले, "तिकडचं पाणी फार तापलंय, ते त्याला आणखी फुगवणार. मी बोटीवर असतो तर केव्हाच तोंड फिरवलं असतं."

फोन ठेवल्यावर ताई रोलरच्या वाफेत उभ्या राहिल्या. इतकी वर्षं बाळांचं वजन करत बसलो आणि कोण कुठे राहतं हे एकमेकांना विचारलंच नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी धाकट्याला फोन लावला.

"आलाच का तुझा फोन," धाकटा म्हणाला. मागे बर्फ फोडायचा आवाज. "बोल, बाळ कसंय?"

"तिघं निघा. आत्ताच्या लाँचने."

"ताई, सकाळचं बातमीपत्र मीपण ऐकलंय."

"ते सकाळचं होतं. आता ते फार मोठं झालंय रे."

"हो, म्हणजे मजा आहे तुमच्या ग्रुपची. मागच्या वेळीही तू असंच म्हणालीस, आठवतंय? मी गॅसची शेगडीसुद्धा उचलून आणली होती. लोक मला अजून शेगडीवाला म्हणतात." तो हसला. "सरकारी इशारा येऊ दे, मग निघतो."

"इशारा येईल तेव्हा लाँच बंद होईल."

"बरं बरं. ठेवू? मुकादम बघतोय."

ताईंनी डोळे मिटले. वादळाच्या बाबतीत त्या आजवर चुकल्या होत्या, पण खोटं कधी बोलल्या नव्हत्या.

"माझा हात रोलरमध्ये सापडलाय," त्या म्हणाल्या.

बर्फ फोडायचा आवाज चालूच होता.

"बायकोलाही घेऊन ये. माझं मला काही करता येणार नाही. छोटीला एकटी ठेवू नका."

आवाज सपाट होता. त्यात तो लाडिक सूर कुठेच नव्हता, आणि म्हणूनच धाकट्याला ते खरं वाटलं. त्याने लगेच फोन ठेवला. पलीकडे इस्त्रीवालीने ताईंच्या दोन्ही धडधाकट हातांकडे पाहिलं, आणि चादरीची घडी घालायला लागली.

तिघं आली तेव्हा ताई धक्क्यावरच उभ्या होत्या. धाकटा लाँच नीट टेकायच्या आत उडी मारून उतरला. आधी त्याने डावा हात बघितला, मग उजवा.

"वा," तो म्हणाला. "वा, ताई."

"मार मला हवं तर."

"मला वाटलं हात गेला तुझा. ही वाटभर रडत आलीय." त्याने बायकोकडे बोट केलं. छोटीला तिने कडेवरून खाली उतरवलं नव्हतं. "चल गं, परत जाऊ. ह्याच लाँचने."

पण लाँचवाला दोर बांधत होता. एकावर एक, नेहमीपेक्षा जास्त.

"आता नाही," तो म्हणाला. "वरून निरोप आलाय, फेऱ्या बंद. वळलं म्हणे ते."

वारा अजिबात नव्हता. लॉन्ड्रीच्या गच्चीवरच्या चादरी धक्क्यावरूनही दिसत होत्या. कोणी धरून ठेवल्यासारख्या त्या सरळ लोंबत होत्या. खाडीचं पाणी तेलासारखं जड झालं होतं आणि मधूनच, काही कारण नसताना, फुगून पायऱ्यांवर चढत होतं. ताईंच्या फोनवर नवीन चित्र आलं. खाली कोणीच काही लिहिलं नव्हतं. देखणं नाही, आहा नाही. धाकट्याने ते बराच वेळ पाहिलं. मग स्वतःचा फोन काढला.

दांड्यावरचा त्याचा शेजारी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याच्या घरात म्हातारी होती, दोन मुलं होती. फोन लागला तसा धाकटा बोलायला लागला. "ऐक, ते वळलंय. फार मोठं झालंय. सगळ्यांना घेऊन कारखान्याच्या माळ्यावर चढा, भिंत पक्की आहे तिथली. म्हातारीला आधी उचल. थट्टा नाही करत मी."

शब्द ताईंचेच होते, घाईसुद्धा त्यांचीच.

पलीकडून इंजिनवाला हसत होता. ताईंना ते उभ्या जागी ऐकू आलं.

"शेगडी नेलीस का रे या वेळी?" तो म्हणत होता.